वनस्पतीचा धडा आणि शेतकऱ्याचा हिशेब

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील वनस्पतीच्या अवयवांचा धडा हा सर्वांत निरुपद्रवी धडा समजला जातो. मूळ, खोड, पान, फूल, फळ आणि बी ही सहा नावे; एका रोपट्याची आकृती आणि तिला बाण काढून जोडलेले शब्द; वृक्ष, झुडूप, रोपटे व वेल असे चार प्रकार; आणि शेवटी ‘नावे द्या’, ‘जोड्या लावा’ असे हमखास गुण देणारे प्रश्न, एवढ्यात हा धडा आटोपतो. गणित कच्चे राहिले तर पालक चिंतेत पडतात, इंग्रजी आले नाही तर शिकवणी लावतात. वनस्पतीचा धडा कच्चा राहिला म्हणून कोणा घरात चिंता झाल्याचे ऐकिवात नाही. शिक्षकांनाही तो एका आठवड्यात संपविण्याजोगा वाटतो.

तथापि जेथे घरातील वर्षाची मिळकत एखाद्या खोडावर किंवा कंदावर अवलंबून असते, तेथे हा धडा निरुपद्रवी राहत नाही. तो त्या घराच्या जमाखर्चाचे पहिले पान ठरतो. ही गोष्ट शाळा मुलांना सांगत नाही, आणि म्हणून मुलेही ती घरी नेत नाहीत.

सातारा जिल्ह्यातील उंब्रज हे याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरील हे गाव समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीसाठी भाविकांना ठाऊक आहे, तर इतरांना ते पुणे-बंगळूर महामार्गावरील कराडच्या अलीकडचे गाव म्हणून माहीत असते. आसपासचा मुलूख उसाचा, आल्याचा, हळदीचा, सोयाबीन-भुईमुगाचा आणि वरकस रानात ज्वारीचा. हंगाम सुरू झाला की उसाने लादलेले ट्रॅक्टर कारखान्यांच्या दिशेने रांगा लावतात आणि शाळेला निघालेली मुले त्यांच्या कडेने वाट काढतात. यांतल्या सातवीच्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारून पाहावेत. आले हे मूळ आहे की खोड? आणि साखर कोठे तयार होते? पहिल्याला ‘मूळ’ आणि दुसऱ्याला ‘कारखान्यात’ असे उत्तर आले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. चांगली शिकलेली मोठी माणसेही हीच उत्तरे देतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्ही चुका पैशांत मोजता येण्यासारख्या आहेत.

डोळा, पेर आणि कांडे

खोडाचा धडा शिकविण्यासाठी उसाइतके सोयीचे साधन जगाच्या पाठीवर दुसरे क्वचितच असेल. हातभर लांबीची कांडी वर्गात आणली की सारा धडा तिच्यावर लिहिलेला सापडतो. जेथे पान फुटते ते पेर, दोन पेरांमधला भाग ते कांडे. पेराशी पानाच्या तळाची खूण असते, तिच्याशेजारी एक डोळा असतो आणि डोळ्याभोवती बारीक ठिपक्यांची वलये दिसतात. ते ठिपके म्हणजे पुढे फुटणाऱ्या मुळ्यांच्या जागा होत. पेर असेल, डोळा असेल, तर ते खोड. मुळाला पेर नसते आणि पानही फुटत नाही. ही एवढी खूण मुलाच्या हाताला एकदा कळली, की पुढे कोणत्याही वनस्पतीचा कोणताही भाग त्याला फसवू शकत नाही.

उसाची लागण बियाने होत नाही, खोडाच्या तुकड्याने होते. एक डोळ्याची किंवा दोन डोळ्यांची टिपरी सरीत ठेवतात. बेण्यासाठी जुना, तोडणीला आलेला ऊस न घेता नऊ ते अकरा महिन्यांचा कोवळा, रसरशीत ऊस घ्यावा असे शास्त्रज्ञ सांगतात, कारण कोवळ्या कांड्यावरचे डोळे लवकर व एकसारखे फुटतात. जुन्या उसाच्या बुडख्याकडील डोळे कठीण झालेले असतात. तेथे साखर अधिक असते, पण उगवण कमी मिळते. म्हणजे उसाचा जो भाग कारखान्यासाठी उत्तम, तो बेण्यासाठी निकृष्ट. ज्याने खोडाचा धडा नीट समजून घेतला आहे त्याला हे पाठ करावे लागत नाही. ज्याला तो कळलेला नाही, तो सरीत पडलेल्या तुटाळ्या पाहून बियाणे विकणाऱ्याला बोल लावतो.

ऊस तुटल्यावर जमिनीत राहिलेल्या बुंध्यावरील डोळ्यांतून खोडवा फुटतो. तोडणी जमिनीलगत व्हावी असा आग्रह धरला जातो, त्याची कारणे दोन आहेत. सर्वांत खालच्या कांड्यांत साखर सर्वाधिक असते, ती रानात सोडून देणे हे उघड नुकसान होय. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्याचे वरचे डोळे मातीबाहेर फुटतात, त्यांना स्वतःच्या मुळ्या नीट धरता येत नाहीत आणि खोडवा कमजोर होतो. भरणीच्या वेळी उसाच्या बुडाशी माती का चढवतात, याचेही उत्तर पेराभोवतीच्या त्याच ठिपक्यांच्या वलयांत आहे. ही सगळी माहिती कृषी खात्याच्या पत्रकांत असते. पण पत्रक हुकूम देते; धडा कारण देतो. कारण कळलेला माणूस परिस्थिती बदलली तर स्वतः निर्णय घेऊ शकतो, हुकूम पाळणाऱ्याला पुढच्या पत्रकाची वाट पाहावी लागते.

साखर कोठे तयार होते?

साखर कारखान्यात तयार होत नाही. ती पानात तयार होते आणि खोडात साठविली जाते. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. हे वाक्य ऊस पिकविणाऱ्या प्रत्येक गावातील शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. सूर्यप्रकाश, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांतून पान साखर बनविते. या कामात ऊस इतर बहुतेक पिकांपेक्षा तरबेज आहे. त्याची ही खास रीत हवाई बेटांवरील संशोधकांनी 1965 साली उसावरच काम करताना नोंदली आणि हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात 1966 साली ती उलगडून दाखविली. मका आणि ज्वारी हीसुद्धा याच रीतीची पिके. जगातील वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेलेला हा शोध उंब्रजच्या मळ्यात उभ्या असलेल्या पिकावर लागला, हे तेथील मुलाला कोणी सांगितले तर त्याला आपल्या बांधाकडे पाहण्याची वेगळी नजर मिळेल.

पानाचे काम न कळल्याचा फटका या भागाने सोसला आहे. 2002 साली सांगली जिल्ह्यातून लोकरी माव्याने महाराष्ट्रातील उसात शिरकाव केला आणि बघता बघता तो पसरला. हा कीटक पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी वाढते व पाने काजळी धरल्यासारखी होतात. पान काळे पडले म्हणजे प्रकाश अडला, आणि प्रकाश अडला म्हणजे साखर बनण्याचे काम थांबले, ही साखळी ज्याच्या डोक्यात आहे तो पानाची खालची बाजू वेळेवर उलटून पाहतो. उसाच्या शत्रूंची नावेच मुळी अवयवांवरून पडलेली आहेत. खोडकिडा कोवळ्या कोंबाच्या पोटात शिरतो आणि पोंगा वाळतो. शेंडेकिडा शेंड्यावर येतो. हुमणी मुळे कुरतडते. कोणता अवयव दुखावला हे ओळखता आले, तर कोणते औषध कोठे आणि केव्हा द्यायचे याचा निम्मा निर्णय झालेला असतो. ते ओळखता आले नाही, तर दुकानदार जे देईल ते फवारले जाते.

उसाच्या दराचे शासकीय सूत्रही खोडातील साखरेवर बेतलेले आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरविला, आणि त्यापुढे उताऱ्यातील प्रत्येक 0.1 टक्का वाढीसाठी 3 रुपये 46 पैसे अधिक धरले. टनाच्या हिशेबाने पाहिले तर उताऱ्यातील एका टक्क्याचे मोल 346 रुपये होते. हा उतारा कारखान्याचा एकूण सरासरी असतो, एकेका शेतकऱ्याचा नसतो. त्यामुळे शेतकऱ्याचे लक्ष साहजिकच वजनावर राहते आणि खोडाच्या गुणवत्तेचा विचार मागे पडतो. ही दरपद्धतीतील उणीव आहे, तिची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. पण ती चर्चा करू शकणारा सभासद घडवायचा असेल, तर साखर पानात बनते आणि खोडात साठते हे त्याला बाराव्या वर्षी कळलेले बरे. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून प्रश्न विचारणाऱ्या सभासदाची तयारी वास्तविक सातवीच्या वर्गात सुरू होते.

जमिनीखाली असते ते सारेच मूळ नव्हे

आले आणि हळद ही जमिनीखाली वाढणारी खोडे आहेत. आल्याचा गड्डा हातात घेऊन नीट पाहिला तर त्यावर पेरांच्या आडव्या रेषा, वाळलेल्या खवल्यांसारखी पाने आणि डोळे दिसतात. खरी मुळे त्या गड्ड्याच्या बुडातून बारीक दोऱ्यांसारखी निघतात. बटाटाही खोडच, म्हणून त्यालाही डोळे असतात. रताळे मात्र मूळ आहे, त्यावर पेरे सापडत नाहीत. गाजर-मुळा ही फुगलेली सोटमुळे. आणि कांदा हा तर बहुतांशी पानांचा बनलेला असतो. त्याचे खोड म्हणजे तळाची लहानशी चकती. घरातल्या भाजीच्या टोपलीत हे सारे प्रकार एकत्र नांदतात. त्यांना कापून पाहण्यास एक सुरी आणि एक तास पुरेसा आहे.

सातारा जिल्ह्यात आल्याचे, तर सांगलीत हळदीचे अर्थकारण किती मोठे आहे हे नव्याने सांगायला नको. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आल्याचा बेण्याचा तुकडा निवडताना त्यावर जिवंत डोळा हवा, गादीवाफ्यावर लावून पाण्याचा निचरा राखला पाहिजे, पाणी साठले की कंदकूज गड्डा खाऊन टाकते, हे सर्व त्या ‘मूळ की खोड’ या प्रश्नाशी जोडलेले आहे. बेण्याचा खर्च हा आल्याच्या लागवडीतला फार मोठा खर्च असतो. डोळा नसलेला तुकडा मातीत टाकणे म्हणजे तो पैसा मातीत टाकणे होय.

हराळीचे आणि लव्हाळ्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हराळीची धावती खोडे जमिनीवर व जमिनीखाली पसरतात आणि त्यांच्या प्रत्येक पेरात नवे रोप होण्याची शक्ती असते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. हे तण मुळे तोडून मरेल अशा समजुतीने शेतकरी त्यावर यंत्र फिरवितो, आणि एका रोपाची दहा रोपे करून ठेवतो. मातीत तुटलेला प्रत्येक तुकडा मूळ नसून बेणे आहे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मग पुढच्या वर्षी भांगलणीच्या मजुरीचा आकडा वाढतो आणि त्याचे कारण मजुरांच्या टंचाईत शोधले जाते.

भुईमुगाचा प्रकार याच्या उलट आहे. त्याचे फूल जमिनीवर येते आणि शेंग मात्र जमिनीत धरते. फुलाच्या तळातून निघालेली आरी वाकून मातीत शिरते, तिच्या टोकाशी शेंग भरते. म्हणून आऱ्या सुटल्यावर कोळपणी करू नये असा नियम आहे. आजीला हा नियम ठाऊक असतो आणि नातवाला फुलाचे भाग पाठ असतात. दोघांची गाठ पडत नाही.

एकदल, द्विदल आणि तणनाशक

वनस्पतींच्या प्रकारांचा भाग तर मुलांना अगदीच कोरडा वाटतो. एकदल वनस्पतीच्या पानातील शिरा समांतर, मुळे तंतुमय. द्विदल वनस्पतीच्या शिरा जाळीदार, मूळ सोटमूळ. ही दोन वाक्ये पाठ केली जातात. वास्तविक ‘डाळ’ हा शब्द रोजच्या जेवणात आहे. भरडल्यावर हरभऱ्याच्या दाण्याच्या दोन फोडी होतात, ज्वारीच्या होत नाहीत, हे जात्यापाशी बसलेल्या प्रत्येक पिढीला माहीत होते. ऊस, ज्वारी, मका, आले, हळद हे सारे एकदल. सोयाबीन, भुईमूग, तूर, द्राक्ष हे द्विदल. गावाचे शिवार या दोनच गटांत वाटून टाकता येते.

आता या वाटणीचे व्यावहारिक मोल पाहावे. उसातील रुंद पानांची तणे मारण्यासाठी टू-फोर-डी या नावाचे तणनाशक सर्रास वापरले जाते. ते मुख्यत्वे द्विदल वनस्पतींना मारते, उसासारख्या एकदल पिकाला फारसे काही करीत नाही. पुस्तकातील वर्गीकरण येथे बाटलीत भरून विकले जाते असे म्हटले तरी चालेल. परंतु उसातच सोयाबीनचे आंतरपीक घेतले असेल, तर तेच औषध आंतरपिकाचा घास घेते. वारा असताना फवारले तर शेजारच्या शेतातील द्विदल पिकाची पाने वाकडी होऊन आक्रसतात. द्राक्षाची वेल तर या औषधाला फारच नाजूक आहे. सांगलीसारख्या जिल्ह्यात, जेथे उसाचे रान आणि द्राक्षबाग शेजारी शेजारी असू शकतात, तेथे हा बांधावरच्या भांडणाचा विषय होतो. उलट हराळी आणि लव्हाळा हे एकदल असल्याने या औषधाला दाद देत नाहीत, आणि औषध ‘बनावट’ आहे अशी तक्रार ऐकू येते. औषधे बनावट निघतात हे खरे आहे. पण काही तक्रारींचे मूळ औषधात नसून अपुऱ्या राहिलेल्या धड्यात असते, हेही मान्य केले पाहिजे.

मुळांचेही तसेच. सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटले तर मुळांवर गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली आणि आतून ती गुलाबी निघाली, तर हवेतील नत्र पकडण्याचे काम तेथे चालू आहे असे समजावे. असे काम करणाऱ्या पिकाला युरियाचा भडिमार केला तर गाठी कमी धरतात आणि पैसे दोनदा जातात. हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या कुंपणापलीकडचे रान आणि मालकाची परवानगी पुरते.

जुनीच मागणी

शाळेने शेतीतील वनस्पती शिकवावी ही मागणी नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण हे सातारा जिल्ह्यातलेच. 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीच्या मूलतत्त्वांचा समावेश मागितला होता आणि गावच्या शाळेला जोडून प्रात्यक्षिकासाठी लहानसे नमुना शेत असावे असे सुचविले होते. त्यानंतर 37 वर्षांनी, 1919 साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘कमवा आणि शिका’ हे तिचे सूत्र बनले आणि वसतिगृहांतील मुले शेतात राबून शिकली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याच्या पारंब्या ही फांद्यांतून सुटून जमिनीकडे येणारी मुळे होत, आणि जमिनीला टेकल्यावर त्या फांद्यांना खांबासारखा आधार देतात. वनस्पतीच्या अवयवांचा एक धडा या बोधचिन्हातच आहे. 1937 च्या वर्धा योजनेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, तिच्यातही शेतीला स्थान होते.

एवढे थोर पूर्वसुरी लाभूनही ही गोष्ट शाळेत रुजली नाही, याचे कारण समाजाने शेतीच्या शिक्षणाला दुय्यम मानले हे आहे. शेती शिकविणे म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला शेतीतच ठेवण्याचा डाव, अशी शंका पालकांना आली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर होते. एवढ्या जमिनीवर दोन भावांचे संसार चालणार नाहीत हे कळणारा बाप मुलाला पुण्या-मुंबईची वाट दाखवितो, त्यात त्याचे काय चुकले?

पण येथे एक गल्लत होते. वनस्पतीचा धडा शेतातील पिकावर शिकविणे म्हणजे मुलाला शेतकरी बनविणे नव्हे. निरीक्षण करणे, खूण ओळखणे, नियम बांधणे आणि अपवाद सापडला तर नियम तपासून पाहणे, ही विज्ञानाची रीत आहे. ‘जमिनीखाली असते ते मूळ’ हा मुलाचा पहिला नियम आल्याच्या गड्ड्याने मोडतो, आणि ‘पेर व डोळा असतो ते खोड’ हा अधिक चांगला नियम त्याच्या हाती येतो. हा अनुभव पुढे डॉक्टर, अभियंता किंवा हिशेबनीस होणाऱ्यालाही तितकाच उपयोगी आहे. आकृतीवर बाण काढून तो येत नाही. उसाचा शास्त्रीय विकास करणारी कोइमतूरची संस्था 1912 साली स्थापन झाली. तेथील संशोधकांनी उसाच्या तुऱ्याचा, म्हणजे शेतकऱ्याला नकोशा वाटणाऱ्या फुलोऱ्याचा, उपयोग करून संकर घडविले. ‘को ८६०३२’ या वाणाच्या नावातील ‘को’ म्हणजे कोइमतूर. तुरा हा उसाचा फुलोरा आहे हे ओळखण्यापासूनच त्या कामाला सुरुवात होते, आणि ती ओळख सातवीच्या धड्यातली आहे.

शब्दांची ताटातूट

दुसरी अडचण भाषेची. बालभारतीच्या मराठी पुस्तकांनी पेर आणि कांडे हे शेतातलेच शब्द स्वीकारले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आता अनेक शाळांत सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. मूल ‘नोड’ आणि ‘इंटरनोड’ पाठ करते. संध्याकाळी आजोबा पेर आणि कांडे म्हणतात. एकाच वस्तूची ही दोन नावे आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, आणि मग शाळेचा ऊस निराळा व शेतातला निराळा अशी समजूत होऊन बसते. इंग्रजी संज्ञा पुढे लागतात, त्या शिकविल्याच पाहिजेत. मात्र त्या मळ्यातल्या शब्दाला जोडून शिकविल्या तर पक्क्या होतात. डोळा, फुटवा, पोंगा, वाढे, बुडखा, तुरा, आरी, गड्डा हे शब्द म्हणजे अडाणी बोली नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून घडलेली ती परिभाषा आहे.

अर्थात तीही निर्दोष नाही. जमिनीखालच्या कोणत्याही फुगीर भागाला लोकभाषा सरसकट ‘कंद’ म्हणते. त्यात खोडही येते आणि मूळही. येथे शास्त्राने लोकभाषेला दुरुस्त करावे. पण दुरुस्त करण्यासाठी आधी तिची दखल घ्यावी लागते.

करता येण्याजोगे

या सुधारणेला मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. पोषण आहार योजनेत शाळांनी परसबाग करावी अशी अपेक्षा आहेच. त्या बागेत मेथी-कोथिंबिरीच्या जोडीला एक उसाची सरी, एक आल्याचा वाफा, चार भुईमुगाची रोपे आणि दोन ज्वारीची ताटे लावली तर वनस्पतीच्या अवयवांचा पूर्ण धडा मातीत उभा राहतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना केली आहे. त्यांतील दोन दिवस उसाच्या लागणीच्या आणि तोडणीच्या वेळी शिवारात घालवावेत. गावातील जाणत्या शेतकऱ्याला आणि कृषी सहायकाला त्या दिवशी बोलवावे. शिक्षकाने शास्त्र सांगावे, शेतकऱ्याने व्यवहार सांगावा.

परीक्षा बदलल्याशिवाय मात्र यातले काही टिकणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. छापील आकृतीला नावे देण्याऐवजी विद्यार्थ्याच्या हाती आले, रताळे आणि कांदा द्यावा आणि प्रत्येक कोणता अवयव आहे ते कारणासह लिहावयास सांगावे. पाठांतराने हा प्रश्न सुटत नाही. शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, नोंदी आणि माहिती भरण्यात त्यांचा दिवस जातो, ही तक्रार रास्त आहे. तो बोजा शासनाने कमी करावयास हवा. परंतु प्रत्यक्ष रोपावर शिकविलेला हा धडा पुन्हा पुन्हा शिकवावा लागत नाही, हाही त्या हिशेबातलाच एक आकडा आहे.

आणखी एका मुलाचा विचार या संदर्भात आवश्यक आहे. बीड-अहिल्यानगरकडून उसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले हंगामात याच शिवाराच्या कडेला कोप्यांत राहतात. त्यांच्या शिक्षणाच्या तरतुदी कागदावर पुष्कळ झाल्या. वर्गात मात्र ती मुले मागच्या बाकावर, पुस्तकात मागे पडलेली आणि बावरलेली असतात. पण ऊस हातात आल्यावर त्यांच्याइतके जाणते कोणी नसते. वाढे कोठून तोडायचे, बुडखा किती खाली छाटायचा, कोणता ऊस पोकळ पडला आहे, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. कांडी हातात घेऊन शिकविण्याचा तास हा कदाचित वर्षातील असा एकच तास ठरेल, की ज्यात या मुलाला इतरांना काही सांगता येईल. शाळेत त्याचे पाऊल टिकण्यासाठी एवढेही थोडे नाही.

फुल्यांनी नमुना शेत मागितले त्याला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. उंब्रजसारख्या गावाच्या शाळेला आज नमुना शेत वेगळे तयार करण्याची गरज नाही, ते चारी बाजूंनी उभे आहे. शाळेचे फाटक उघडून मुलांना तेथवर नेणे एवढेच उरले आहे. येत्या हंगामात उसाची पहिली मोळी शाळेवरून जाईल तेव्हा तिच्यातली एक कांडी वर्गात यावी, आणि साखर कोठे तयार होते या प्रश्नाचे खरे उत्तर मुलांनी घरी जाऊन सांगावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.